बोर गेला

"बोल ना बिनधास्त. आयकलं तिनं तरी काय होते? तिले तोंडच नाई."

मोठी आई हे म्हणाली तेव्हा मी दाराच्या आतल्या बाजूला, भिंतीला पाठ टेकून, तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. बाहेर ओट्यावर तिच्यासोबत शेजारच्या शांताकाकू होत्या आणि मला पाहून त्यांनी आपलं वाक्य अर्ध्यावरच गिळलं होतं. मोठी आई म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. आमच्या भागात मोठ्या काकांना मोठे बाबा म्हणतात आणि त्यांच्या बायकोला मोठी आई, मग मनात काही का असेना. तोंड नाही असं कळल्यावर शांताकाकूंनी गिळलेलं वाक्य पुन्हा बाहेर काढलं.

"म्हंजे दुरुस्तीचं नाटक कायले म्हनते मी? जुनी काढूनच टाका ना."

"काढाचीच हाये. वैभवच्या नावानं नवी येते. अन् जुनी गेली का हिचं रोजचं वाशीम आपोआप बंद. कोनाले वाईट बोलाचं कामच नाई."

"हो ना बाई. पोरगी अंधाराची गाडी घेऊन निंगते, लोकं पाह्यतेत."

मी हातातली शेंग उलगडली. आत अळी होती. ती मी दाण्यांतून वेगळी काढली, बाजूला ठेवली आणि पुढची शेंग घेतली. बाहेर विषय शांताकाकूंच्या सुनेकडे वळला. त्या दिवशी गाडी वाशीमला गजू मिस्त्रीच्या शेडमध्ये उभी होती, इंजिन उघडलेलं होतं, आणि ती दुरुस्त करायची की देऊन नवी घ्यायची यावरून घरात भांडण पेटलं होतं. ते भांडण माझ्याबद्दलही असू शकतं, हे मला त्या ओट्यावरून पहिल्यांदा कळलं.

आमचं स्वयंपाकघर एक आणि शेगड्या दोन होत्या. वाटणी झाली तेव्हा भिंत घालायचं ठरलं होतं, पण कुणाच्या हिश्श्यात किती विटा येतील यावर एकमत झालं नाही, म्हणून भिंतीच्या जागी तेलाच्या रिकाम्या डब्यांची रांग उभी राहिली. अलीकडे माझी आई, पलीकडे मोठी आई. दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलायच्या आणि बाकीचं भांड्यांवर सोपवायच्या. पळी कढईच्या काठावर किती जोरात आपटली यावरून मला शेजारच्या खोलीत कळायचं की आज काय झालं असेल. त्या दिवसांत दोन्हीकडे तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, आमटी व्हायची, आणि वास अगदी सारखा यायचा, कारण दोघींना ती एकाच बाईने शिकवली होती, माझ्या वारलेल्या आजीने. इकडची फोडणी तडतडली की तिकडून मोठी आई मुद्दाम खोकायची. तिकडे मिरची भाजली की आई खिडकी उघडायची, आणि थंडीचे दिवस असले तरी ती उघडीच ठेवायची. आज माझ्या घरात मी एकटीच स्वयंपाक करते, तरीही कुणी शेजारी खोकलं की माझा हात कढईवर थांबतो.

बाबा आणि मोठे बाबा मात्र कामापुरतंही बोलत नव्हते. कशावरून, ते मला कुणी कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. सगळं वाटून झालं होतं, फक्त दोन गोष्टी वाटता येत नव्हत्या. एक म्हणजे वावरातला, म्हणजे शेतातला, पाण्याचा बोर. तो नेमका बांधावर होता, त्यामुळे एक दिवस त्यांची मोटर चालायची, एक दिवस आमची. दुसरी म्हणजे गाडी. पांढरी, डिझेलची, आबांनी, म्हणजे आजोबांनी, घेतलेली, दारं लावताना टिनाच्या पेटीसारखा आवाज करणारी. गाडीचे कागद मोठ्या बाबांच्या नावावर होते आणि किल्ली आमच्या खुंटीला. त्यामुळे त्यांच्या सहीशिवाय ती विकता येत नव्हती आणि बाबांच्या किल्लीशिवाय हलवता येत नव्हती. दोघांनाही हे फार सोयीचं वाटायचं.

आणि दोघांच्या मधे मी. मोठे बाबा पलंगावर बसलेले असायचे, बाबा समोरच्या खुर्चीवर, मधे चार हातांचं अंगण. मोठे बाबा मला हाक मारायचे, "पोरी, सांग तुह्या बापाले, उद्या मोटर आमची हाये." ते बाबांना ऐकू गेलेलं असायचंच. तरीही मी चार हात चालत जायचे आणि सांगायचे, "बाबा, उद्या मोटर त्यांची आहे." मग बाबा म्हणायचे, "सांग तुह्या मोठ्या बाबाले, माहीत हाये." या कामासाठी माझी निवड का झाली ते मला ठाऊक होतं. मोठ्या बाबांचा वैभव दादा निरोपात तिखट-मीठ घालायचा, आई निरोप विसरायची, मी मात्र जसंच्या तसं पोचवायचे. "हे पोरगी सोताचं काई जोडत नाई," असं मोठे बाबा कौतुकाने म्हणायचे. घरात माझं कौतुक झाल्याचं मला तेवढंच आठवतं.

मी बोलत नव्हते त्याचं एक कारण अगदी साधं होतं. मला वाशीमच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. तिथे मधल्या सुट्टीत माझ्या तोंडून "मले" निघालं की मुली हसायच्या. मग मी "मला" शिकले. घरी "मला" म्हटलं की वैभव दादा हसायचा, "मॅडम आल्या, मॅडम." काही वर्षांनी माझ्याकडे दोन भाषा होत्या आणि दोन्हीकडे हसणारी माणसं होती, तेव्हा गप्प राहणं स्वस्त पडलं. मी शिकून घरी परतले, वाशीमला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला लागले, तेव्हा दादाने मोबाइलवर माझं नाव बदलून "सायलेंट मोड" असं ठेवलं. मोठ्या आईने ते नाव शांताकाकूंना समजावून सांगितलं होतं.

लॅब सकाळी लवकर उघडायची, कारण उपाशीपोटी रक्त द्यायला लोक दाराशी येऊन थांबायचे. शिरपूरकडून येणारी पहिली एसटी आमच्या फाट्यावर पोचायची तोवर त्यांची रांग संपलेली असायची. म्हणून गाडी. तिचा क्लच इतका जड होता की वैभव दादा एखाद्या लग्नाशिवाय तिला हात लावायचा नाही, आणि रिव्हर्स गिअर टाकताना दांडा खाली दाबून त्याला डाव्या गुडघ्याने रेटा द्यावा लागायचा. असं अवघडून बसणं कुणालाच शोभत नव्हतं, म्हणून ती गाडी मला मिळाली होती. मला ते काम आवडायचं. चहा न घेतलेली, चिडलेली माणसं समोर हात पसरून बसतात, आणि रक्त काढणाऱ्या मुलीने फार बोलू नये एवढीच त्यांची अपेक्षा असते. पण त्याहून मला जाता-येताचा रस्ता आवडायचा. काचा वर केल्या की त्या खडखडाटात मी बोलायचे. मोठ्याने, आणि आमच्या बोलीत. आदल्या दिवशी मोठी आई जे बोलली त्याला उत्तर, दादाला उत्तर, कधी बाबांनाही. "काहून? तुमाले काय तरास होऊन राह्यला?" असं मी सोयाबीनच्या रिकाम्या वावरांना सांगत जायचे. गावाच्या कमानीपाशी काच खाली करायचे आणि गप्प व्हायचे. ती गाडी गेली असती तर माझी नोकरी गेली असती, हे कुणालाही कळण्यासारखं होतं. दुसरं काय गेलं असतं ते मी कुणाला सांगू शकत नव्हते.

गाडी धूर सोडायला लागली, ऑइल खायला लागली, आणि एका सकाळी वाशीमच्या अलीकडे चढावर बंद पडली. बाबांनी ती गजू मिस्त्रीकडे नेली. गजू मिस्त्री गाड्याही दुरुस्त करायचा आणि शेतातल्या मोटरीही. आदल्याच आठवड्यात तो आमच्या बोरवर येऊन स्टार्टर पाहून गेला होता, कारण पाणी बारीक येत होतं. गाडीचं इंजिन उघडताना तो बाबांना म्हणाला होता, "बोर पाहा लागते. बोर गेला असंन तं खर्चाचं काम हाये." इंजिनच्या आत पिस्टन ज्या नळीत खालीवर होतो तिला मिस्त्री लोक बोर म्हणतात, हे मी तेव्हाच ऐकलं. बाबांच्या डोक्यात त्या दिवसापासून बोर म्हणजे तो बोर. मोठे बाबा शेडमध्ये गेलेच नव्हते. त्यांच्या डोक्यात बोर एकच होता, बांधावरचा.

आणि गजू मिस्त्रीने फोन केला तो मोठ्या बाबांच्या मोबाइलवर, कारण कागद त्यांच्या नावावर. मोठे बाबा देवळात गेले होते. फोन मोठ्या आईने उचलला. मी तिथेच डब्यांच्या अलीकडे पोळीचं पीठ मळत होते. ती "हो, हो," म्हणत होती, मग "बापा रे," म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे न पाहता स्वतःशीच बोलली, "बोर गेला म्हनते. आतून खतमच झाला म्हनते. आता काय कराचं थे तुमीच ठरवा म्हनते."

मोठे बाबा आल्यावर तिने तेच सांगितलं. ते कपाळावरचं गंध पुसत अंगणात आले आणि उभ्या उभ्याच त्यांनी मला हाक मारली.

"सांग तुह्या बापाले, बोर गेला. मीनं मनाई केलती, पानी न पाहता चालवू नको. आयकलं नाई. रातदिवस चालवू चालवू खतम केला त्यानं. आता नवा त्यानंच करून द्यावा."

मी चार हात चालले आणि शब्द न् शब्द सांगितला. बाबांचा चेहरा पडला, मग लाल झाला. "मी? मीनं पानी नाई पाह्यलं? रोज बोनट उघडून पानी पाह्यतो मी. सांग त्याले, मी चालवलाच कवा? त्याच्या पोरानं लगनात नेऊन चालवला, थ्याचं काय?" हे मी परत नेलं. वैभव दादाने लग्नात नेऊन बोर चालवला, हे मोठ्या बाबांनाही अजब वाटलं, पण भावाच्या तोंडून काहीही येऊ शकतं अशी त्यांची खात्रीच होती. "दारू पेला काय तुहा बाप?" एवढंच ते म्हणाले. हा निरोप नव्हता, तरी बाबांना तो ऐकू गेला.

दुसऱ्या दिवशी मोटरीची पाळी आमची होती. बाबा वावरात गेले तर स्टार्टरच्या पेटीला कुलूप. गेलेल्या बोरवर मोटर चालवली तर ती जळेल, म्हणून मोठ्या बाबांनी ते लावलं होतं. बाबांना वाटलं, गाडीचा राग पाण्यावर काढला. गहू ओंबीवर आला होता. बाबा घरी आले ते चप्पल न काढता आत गेले, खुंटीवरची गाडीची किल्ली काढून आईच्या हातात देत म्हणाले, "डब्यात ठेव. गाडी दुरुस्तच होईन. मेलो तरी इकू देत नाई."

मी त्या वेळी एक चूक केली, म्हणजे मला बरं वाटलं. बाबा माझ्या बाजूने आहेत असं वाटलं. मी धीर करून म्हणाले, "बाबा, दुरुस्त झाली तर बरं होईल. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, फार दिवस जागा ठेवता येणार नाही."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुसऱ्या कुणाच्या घरचं काहीतरी बोलले. "तुह्या नोकरीचा इथं काय संबंध?"

आई शेगडीपाशी होती. बाबा बाहेर गेल्यावर तिने किल्ली डाळीच्या डब्यात टाकली, झाकण लावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "त्याईले गाडी नाई पाह्यजे माय. मोठ्याले हरवाचं हाये. उद्या मोठा म्हनला का दुरुस्त करू, तं हे म्हनतीन काढून टाका." ती हे चिडून बोलली नाही. पोळीला तूप लावता लावता बोलली. मला वाटतं, त्या घरात सगळ्यात जास्त राग तिलाच होता, पण तो काढायला तिला कधी जागा मिळाली नाही.

पुढचे दिवस मी चार हातांच्या अंगणात बोर वाहून नेत होते. मोठे बाबा म्हणायचे, "सांग त्याले, आधी बोर भरून दे, मंग गाडीच्या दुरुस्तीचं बोलू." बाबा म्हणायचे, "बोर म्हंजेच दुरुस्ती! दुसरी दुरुस्ती कोनती राह्यली? याले समजते का नाई?" मी ते नेऊन सांगायचे, "ते म्हणतात, बोर म्हणजेच दुरुस्ती." मोठे बाबा छताकडे बघायचे. जेवणं दोन्हीकडे आटपत होती, पण ताटं आपटून. एका दुपारी मोठ्या आईने ज्वारीची भाकरी तव्यावरून उचलताना हात भाजून घेतला आणि त्याचाही दोष डब्यांपलीकडे फेकला, "या घरात कोनाचं बरं होईन तं शपथ."

मला कधी कळलं? त्याच दुपारी. मोठे बाबा म्हणाले, "सांग तुह्या बापाले, जुन्या जागी आता नवा मारूच नको. देवीच्या बाजूच्या बांधावर मारू. तिकडे पानी लागन." मी दोन हात चालले आणि मधेच थांबले. बांधावर? मागचे सगळे निरोप एकेक करून डोक्यात उलगडले, आणि प्रत्येक निरोप दोन्हीकडे अगदी नीट बसत होता. पाणी न पाहता चालवणं, रातदिवस चालवणं, आतून खतम, नवा. मला हसू आलं नाही. भीती वाटली. मी मागे फिरले आणि म्हणाले, "मोठे बाबा, मला वाटतं गजू मिस्त्रीने गाडीच्या..."

"तुले जेवढं सांगतलं तेवढं सांग."

"पण बाबांना वाटतंय की..."

"त्याले काय वाटते थे तो सांगन. तू सोताचं जोडू नको. तुहं हेच तं चांगलं हाये."

मग बाबांपाशी गेले. "बाबा, मोठे बाबा वेगळ्या बोरबद्दल बोलत आहेत." बाबांनी पुढचं ऐकलंच नाही. "त्याची वकिली करू नको माह्यापाशी," ते म्हणाले. "वेगळा कोनता बोर? अन् थ्याच्या मंडळीनंच शिकवलं असंन तुले." आईने आतून मला हाक मारली, म्हणजे गप्प बस असं सांगितलं.

गजू मिस्त्रीची जागा अडली होती. त्याने निरोप पाठवला, ठरत नसेल तर गाडी घेऊन जा. वैभव दादा ट्रॅक्टर घेऊन निघाला आणि दोर बांधलेल्या गाडीत कुणीतरी स्टिअरिंगवर हवं म्हणून मी. शेडमध्ये गजू मिस्त्रीने इंजिनवर पोतं टाकलं होतं. तो पानाचा तोबरा भरून म्हणाला, "काय ठरलं मॅडम बोरचं?" मी विचारलं, "तुम्ही फोन केला तेव्हा शेतातल्या बोरबद्दल सांगितलं होतं का? तिकडे स्टार्टरला कुलूप लागलंय." त्याने पिंक टाकली आणि मग असा हसायला लागला, की बाजूच्या वेल्डिंगवाल्यालाही बोलावलं. "शेतातला? अबे, वावरात मी आठ दिवसांपासून गेलोच नाई! गाडीचा बोर बाप्पा, गाडीचा! तिकडे कुलूप लावलं म्हनते! आता गाडीत पानी सोडा अन् गव्हात ऑइल!" वेल्डिंगवाला मांडीवर थाप मारत होता. दादा बाहेर ट्रॅक्टरवर कानात हेडफोन घालून बसला होता. आमच्या घरच्या भांडणावर परकी माणसं हसत होती आणि त्यांचं हसणं चूक नव्हतं, हे मला फार लागलं.

येतानाचा रस्ता मी कधीच विसरले नाही. बंद गाडीचं स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, ब्रेकवर उभं राहिलं तरी तो उशिरा लागायचा, आणि पुढे दादा मुद्दाम दोर सैल सोडून मग झटका द्यायचा. प्रत्येक झटक्याला मी मान सावरायचे. इंजिन नव्हतं, त्यामुळे आवाज नव्हता. चाकांचा सरसर आवाज आणि दोराचं करकरणं तेवढं. फाट्यावर लोक उभे राहून पाहत होते. काचा वर होत्या. सवयीने मी बोलायला तोंड उघडलं, पण त्या शांततेत माझाच आवाज मला इतका स्पष्ट ऐकू आला की मी दचकले. खडखडाटात बोलणं सोपं असतं. मी पुन्हा प्रयत्न केला. एकच वाक्य, हळू. मग तेच जरा मोठ्याने. कमान आली तेव्हा मी काच खाली केली नाही.

रविवारी अकोल्याचा माणूस आला. नवी गाडी देऊन जुनी घेऊन जाणारा, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. त्याला अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि त्याच्यासमोर दोन कप चहा आले, एक इकडून, एक तिकडून. त्याने बिचाऱ्याने दोन्ही प्यायले. मोठे बाबा पलंगावर कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, बाबा खांबाला टेकून उभे. वैभव दादा नव्या गाडीच्या रंगाबद्दल विचारत होता. मोठी आई ओट्यावर, शांताकाकू आपल्या कुंपणापाशी. आई दारात. डाळीच्या डब्यातली किल्ली सकाळीच माझ्या ओढणीच्या टोकात आली होती; ती मी काढली की आईने डबा मुद्दाम उघडा ठेवला होता, याबद्दल आम्ही दोघी आजवर बोललेलो नाही.

अकोल्याचा माणूस बोनटपाशी गेला. पोतं उचलून पाहिलं. "याचा बोर गेलेला आहे ना?" त्याने विचारलं.

"बोरचं तं बोलूच नका साहेब," मोठे बाबा म्हणाले आणि सवयीने माझ्याकडे वळले. "पोरी, सांग तुह्या बापाले. लोकाईसमोर सांग. बोर कोनं घालवला थे आज कबूल कर म्हना, अन् गाडीची किल्ली दे म्हना. नवी येऊ दे दारात."

बाबा खांबापासून पुढे आले. "सांग त्याले. कुलूप काढ म्हना पेटीचं. माहा गहू जाळला यानं. बोर त्याच्या पोरानं घालवला अन् पानी माहं बंद केलं. याले भाऊ म्हनते काय लोकं? सांग."

"सांग त्याले, तोंड सांभाळून बोल म्हना."

"सांग त्याले, मी कोनाच्या बापाले भेत नाई म्हना."

"बाप एकच हाये म्हना दोघाचा!"

अकोल्याचा माणूस टॅब छातीशी धरून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. दोघेही ओरडत होते आणि दोघेही माझ्याकडे तोंड करून ओरडत होते, दोघांच्या थुंकीचे थेंब माझ्यावर उडत होते. मला आठवतं, मी गाडीकडे पाहिलं. बोनट उघडं, पोतं सरकलेलं, आत ती काळी गोल भोकं, ज्यांच्या नावाने हे सगळं चाललं होतं. ओट्यावरून मोठी आई म्हणाली, "तिले कायले मधात घेता, थे काय बोलनार हाये?" वैभव दादा हसला. मोठ्या बाबांनी पुन्हा हात केला, "जाय, सांग."

मी चार हात चालले नाही. होते तिथेच, अंगणाच्या मधोमध उभी राहिले. ओढणीतली किल्ली मुठीत घेतली. आणि मी म्हणाले, आधी हळू, मग तेच मोठ्याने, कुंपणापर्यंत ऐकू जाईल असं, "बोर दोन हायेत. एक वावरात हाये, एक या गाडीत. गाडीतला गेला, वावरातल्याले काईच नाई झालं. गजू मिस्त्रीले इचारा, अख्खं वाशीम हासून राह्यलं तुमच्यावर. अन् गाडी कोठी जात नाई. थे दुरुस्त होते, कारन मले सकाळी कामावर जा लागते. बाकीचं तुमचं तुमी एकमेकाले सांगा. मले काहून सांगता? तोंड नाई काय तुमाले?"